चंडीच्या पाठीवरचा बर्फ

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून कुणी नावंही दिली नव्हती त्या काळची ही गोष्ट. ऐकणारे लहान असोत की मोठे, जरा जवळ सरकून बसा, कारण गोष्ट थंडीतली आहे.

एका उंचावरच्या राज्यात एक खिंड होती. खिंडीच्या अलीकडे राजधानी आणि पलीकडे सात वाड्या. हिवाळ्यात त्या खिंडीतून बैल जात नसत. मोठ्या घोड्यांचे खूर त्या अरुंद, निसरड्या वाटेवर ठरत नसत. चालत ती फक्त तट्टं. माणसाच्या कमरेएवढी उंची, आखूड पाय, गरगरीत पोट आणि डोळ्यांवर आलेल्या झिपऱ्या, अशी सोळा तट्टं होती. वाड्यांना मीठ आणि धान्य पोचायचं ते त्यांच्याच पाठीवरून.

ही तट्टं ठकूबाई नावाच्या एका बाईच्या ताब्यात होती. राजधानीच्या वरच्या अंगाला तिचं एक दगडी आवार होतं. वाऱ्याच्या बाजूला उंच भिंत आणि वर मोकळं आभाळ. तट्टं बारा महिने तिथेच असत.

एका वर्षी राजाचं लग्न झालं. नवी राणी उबदार मुलखातून आलेली होती. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी तिने खिडकी उघडली, आणि तिला वरच्या आवारात उघड्यावर उभी असलेली तट्टं दिसली. त्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. अंगावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. राणीचे डोळे भरून आले.

"माझ्या अंगावर तीन शाली आहेत," ती म्हणाली, "आणि त्या मुक्या जिवांच्या अंगावर काहीच नाही! सटवाजीला बोलवा."

सटवाजी हा राज्यातला झूलकार. हत्तीची झूल असो, राजाच्या घोड्याची असो, त्याच्या हातची झूल पाहायला लोक दुरून येत. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. राणीने त्याला सांगितलं, "सोळा झुली शिव. उत्तमातल्या उत्तम. आणि थंडी सरेपर्यंत त्या कुणी काढायच्या नाहीत, असं तिथल्या बाईला बजाव."

सटवाजी मनापासून कामाला लागला. राजाच्या घोड्याचं माप त्याच्यापाशी होतंच. घोड्याच्या निम्म्या उंचीचं जनावर, म्हणजे निम्मं माप, असा त्याने हिशोब केला आणि आवाराकडे न जाता कापड बेतलं. वरून मऊ लोकर, आतून जाड रुईचं अस्तर, किनारीला कवड्या. एकेक झूल पुरी झाली की तो ती दिव्यासमोर धरून टाके पाही आणि स्वतःशीच मान डोलावी.

झुली चढवायचा दिवस आला. अर्धं गाव आवाराभोवती जमलं. पहिली झूल टाकली, तर ती छातीवर मिटेना. मागे मात्र शेपटीच्या खाली लोंबू लागली. पोट इतकं गोल, की झूल एका बाजूला घसरे. सटवाजीला घाम फुटला. पण लोक बघत होते. त्याने पट्टे आवळले, आणखी एक भोक पाडलं, पुन्हा आवळले.

ठकूबाई हळूच म्हणाली, "दादा, हे थंडीचंच जनावर आहे. यांना कशाला हे?"

"बाई, मी हत्तीला झूल शिवलीय," सटवाजी म्हणाला. "तुम्ही दाणापाणी बघा."

सोळा तट्टं लाल-निळ्या झुलींत उभी राहिली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. राणीने खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. चंडी नावाची एक तट्टाणी मात्र भलती हट्टी होती. ती जमिनीवर पडून इतकी लोळली, की संध्याकाळपर्यंत तिच्या पट्ट्यांचे तुकडे झाले. ठकूबाईने तिची फाटकी झूल गोळा करून ठेवून दिली.

मग आभाळ भरून आलं. तीन दिवस पाऊस आणि बर्फ एकत्र पडत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी ठकूबाई सटवाजीच्या दारात उभी राहिली. तिच्या पदरातून पाणी गळत होतं.

"दादा, तट्टं कुडकुडतायत."

"झुली असून?"

"झुली असून. पंधरा वर्षं मी त्यांना सांभाळतेय. उघड्यावर कधी कुडकुडलेली पाहिली नव्हती." तिने श्वास घेतला. "वाड्यांवरून निरोप आलाय. त्यांच्याकडे पाच दिवसांचं धान्य उरलंय आणि खिंडीची वाट तीन दिवसांची. तट्टं धड उभी राहत नाहीत, तर ओझं कशी नेतील? झुली काढायच्या म्हटलं तर राणीसाहेबांचा हुकूम आडवा येतो. चढवल्या तुम्ही. आता तुम्हीच येऊन बघा."

सटवाजीला राग आला होता. पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती घाई होती. तो उठला आणि तिच्यामागून चढण चढू लागला.

आवारात शिरताच त्याची पावलं थबकली. तट्टं भिंतीला चिकटून, माना खाली घालून उभी होती. रुईने पाणी पिऊन झुली पखालीसारख्या जड झाल्या होत्या. भुरी नावाची एक तट्टाणी तर थरथरत होती. सटवाजीने तिचे पट्टे सोडले आणि झूल उचलली. खांद्यावरची कातडी सोलवटली होती. जिथे त्याने स्वतःच्या हाताने पट्टा आवळला होता, नेमकं तिथे. आणि पाठीवरचे सगळे केस चपटे होऊन, भिजून, कातडीला चिकटले होते.

हुकूम मोडल्याची शिक्षा काय असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. तो एकामागून एक पट्टे सोडत सुटला. ठकूबाई कोरड्या गवताच्या मुठी घेऊन तट्टांची अंगं चोळू लागली.

तेवढ्यात वारा पडला आणि कोरडा, शांत, दाट बर्फ पडू लागला. काम संपवून सटवाजीने वर पाहिलं, तर आवाराच्या मधोमध चंडी उभी होती. लोळून झूल फाडणारी तीच. तिच्या पाठीवर चार बोटं बर्फ साचला होता. मानेपासून शेपटीपर्यंत, एखाद्या कौलारावर साचावा तसा. ती हलत नव्हती.

"अरे देवा, ही गोठली!" सटवाजी ओरडला आणि बर्फ झटकायला धावला.

ठकूबाईने त्याचा हात धरला. "थांबा, दादा. झटकू नका. हळूच आत बोटं घाला."

सटवाजीने बर्फात बोटं घातली. बर्फ गार होता, कोरडा होता. त्याखाली लांब, राठ केस लागले. त्यांच्या टोकांवर ओल होती. ते सगळे एका दिशेने उतरते होते, छपरावरच्या गवतासारखे. त्याने बोटं आणखी आत नेली. राठ केसांच्या खाली दुसरे केस होते. आखूड, दाट आणि इतके मऊ, की चाळीस वर्षं लोकर हाताळणाऱ्या त्याच्या बोटांना ते आधी कळेचनात. तिथे ओलाव्याचा मागमूस नव्हता. आणखी आत, कातडीपाशी, त्याची बोटं थांबली.

तिथे ऊब होती. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीची असावी तशी.

वर बर्फ आणि खाली ही ऊब. दोन्हींमध्ये वीतभरसुद्धा केस नाहीत, आणि तरी बर्फाचा एक कण वितळत नव्हता! म्हणजे आतल्या उबेतली तसूभरही बाहेर गळत नव्हती. सटवाजीला आपली सगळी वस्त्रं आठवली. अशी वीण त्याला कधी जमली नव्हती. कुणालाच जमली नव्हती. या कापडाला शिवण नव्हती, पट्टा नव्हता. उन्हाळ्यात ते आपोआप गळून पडे आणि शरदात पुन्हा उगवे. प्रत्येक तट्टाला अगदी त्याच्याच मापाचं.

चंडीने मान वळवली आणि झिपऱ्यांआडून त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. सटवाजीचे गुडघे आपोआप टेकले. हात तिच्या केसांत तसाच होता. आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय हे त्याला उशिरा कळलं.

"ठकूबाई," तो म्हणाला, "हे विणलं कुणी?"

"ते मला काय ठाऊक," ठकूबाई म्हणाली. "मी रोज बघते, आणि रोज नवल वाटतं."

सटवाजी तडक राजवाड्यात गेला. ओल्या कपड्यांनीच राणीपुढे उभा राहिला. "राणीसाहेब, मी तुमचा हुकूम मोडला. झुली काढल्या. चूक माझी आहे. माप न घेता बेतलं, आणि जनावर न बघता झाकलं."

राणीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे या बर्फात ती उघडी आहेत?"

"उघडी नाहीत, राणीसाहेब. पण ते मला सांगता येणार नाही. तुम्ही एकदा वर चला."

राणी चालत वर आली. सटवाजीने तिला चंडीपाशी नेलं. तिने हातमोजा काढला आणि आपली नाजूक बोटं बर्फातून आत सरकवली. मग तिच्या तोंडून लहान मुलीसारखा "अगं बाई!" असा उद्गार निघाला. तिने दुसराही हात घातला. मग गालही टेकवला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिच्या शालींवर बर्फ पडून वितळत होता, शाली भिजत होत्या. चंडीच्या पाठीवरचा बर्फ मात्र जसाच्या तसा होता.

"मला वाटलं होतं, यांच्या अंगावर काहीच नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"मग झुली कुणालाच नकोत का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"दोघींना हव्यात," ठकूबाई म्हणाली. तिने एक म्हातारी तट्टाणी दाखवली. तिचे केस विरळ झाले होते आणि बरगड्या मोजता येत होत्या. दुसरी आजारातून उठलेली होती. औषध लावायला तिची पाठ भादरलेली होती. "यांचं आपलं पांघरूण पुरत नाही."

राणीने मखमल देऊ केली. सटवाजीने मान हलवली. त्याने घट्ट विणीचं साधं घोंगडं निवडलं आणि पाणी ओघळून जावं म्हणून त्यावर मेण चोळलं. रुईचं अस्तर त्याने घेतलंच नाही. मग त्याने दोरी काढली. दोरीचं एक टोक स्वतः राणीने धरलं. छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत दोघींचं वेगवेगळं माप घेतलं. छातीला जागा रुंद ठेवली. पाय पुढे टाकताना ओढ बसू नये म्हणून खांद्यावर चुण्या घातल्या. पोटाखालचा पट्टा हाताचा पंजा सहज जाईल इतका सैल ठेवला. झूल चढवल्यावर त्याने मानेपाशी आपला तळवा आत सरकवला. तो न अडकता फिरला तेव्हाच त्याने गाठ मारली. म्हाताऱ्या तट्टाणीने एक लांब फुरफुर केली आणि ती गवत खायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धान्य निघालं. ज्यांचे खांदे धड होते अशी नऊ तट्टं ओझ्याखाली चालली. सोलवटलेल्यांना ठकूबाईने मागे ठेवलं. त्यांच्या वाटची पोती माणसांनी पाठीवर घेतली. त्यांत सटवाजी सगळ्यांत पुढे होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

खिंडीच्या माथ्यावर वाऱ्याने माणसांना उभं राहू दिलं नाही. तेव्हा तट्टं आपण होऊन वाऱ्याकडे पाठ करून ओळीने उभी राहिली आणि माणसं त्यांच्या आडोशाला बसली. सटवाजीने एका उबदार कुशीला पाठ टेकवली. एवढंसं जनावर, आणि त्याच्यामागे एवढा मोठा डोंगरवारा अडलेला! त्याने वाऱ्याच्या गर्जनेत डोळे मिटले आणि हात जोडले.

पाचव्या दिवसाच्या आतच सातही वाड्यांना धान्य पोचलं. त्या संध्याकाळी एकही चूल थंड राहिली नाही. सटवाजीच्या खांद्यांवर पोत्याचे वळ उठले होते. वाडीतल्या एका बाईने त्यावर गरम तेल लावलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "लावा थोडंच. माझ्यामुळे ज्यांचे खांदे सोलले, त्यांच्यासाठीही थोडं न्यायचंय."

पुढे भुरी आणि इतर तट्टं बरी झाली, म्हातारी तट्टाणी आपल्या घोंगड्याच्या झुलीत आणखी तीन हिवाळे जगली, आणि राणी कुणालाही काही देण्याआधी स्वतः त्याच्या दारी जाऊन येऊ लागली.

तात्पर्य: कुणाला काही द्यावंसं वाटलं, तर त्याच्यापाशी आधीच काय आहे ते प्रथम जाणून घ्यावं.