सर्व्हरचा लाल दिवा

फिल्मची रिळं जाऊन हार्ड डिस्क आल्या, त्यालाही बराच काळ लोटला होता, तेव्हाची गोष्ट. चंपा टॉकीजमध्ये एक म्हातारा सर्व्हर होता. डिस्कवरचा सिनेमा वाचून प्रोजेक्टरला द्यायचा, हे त्याचं काम.

एका शुक्रवारी सकाळी दहाला नवा सिनेमा घेऊन एक चकचकीत डिस्क आली. तिच्यावरची मांडणी अगदी नव्या पद्धतीची. सर्व्हरनं ती एकदा नीट पाहिली आणि लाल दिवा लावून सांगून टाकलं, "मला हे वाचता येत नाही."

डिस्क फणकारली, "अहो, असं कुणी चारचौघांत सांगतं का? वाचल्यासारखं तरी करायचं!"

ऑपरेटर इनूसभाईंनी दिवा पाहिला. "बरं झालं बाबा, वेळेत बोललास," म्हणत त्यांनी कॉम्प्युटरवरून तो सिनेमा जुन्या मांडणीच्या डिस्कवर उतरवला. तीनचा खेळ ठरल्या वेळी सुरू झाला आणि शिट्ट्यांनी टॉकीज दणाणून गेलं.

डिस्कनं हळूच विचारलं, "तेव्हा लाज नाही वाटली?"

"लाज?" सर्व्हर ताठ्यात म्हणाला. "चौदा वर्षांत माझ्यामुळे तीन वाजता हा पडदा कधी पांढरा राहिला नाही, पोरी. जे येत नाही, ते मी सकाळी दहालाच सांगतो."