संध्याकाळी जाणारं इंटरनेट

"...मग दोष कुणाचा म्हणायचा, अक्का? कॉम्प्युटरचा, तारेचा, की कंपनीचा?"

नर्मदाअक्का हेरंबकडे नुसत्या बघत राहिल्या.

हेरंबने हातातला स्क्रूड्रायव्हर आपटलाच. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो अक्कांच्या मठात शिष्य म्हणून आला होता. नोकरी सुटली, तोरा काही सुटला नव्हता.

मठातलं इंटरनेट रोज दिवेलागणीला दगा द्यायचं. हेरंब बाह्या सरसावून कोनाड्यातल्या वायफायच्या डब्यापाशी जायचा, खटपट करायचा, आणि इंटरनेट यायचं. मग सगळं जिथल्या तिथे ठेवून स्वारी ऐटीत परत यायची. जरा वेळाने पुन्हा तेच रडगाणं.

आज मात्र ते परवडणारं नव्हतं. मठात स्वयंपाक करणाऱ्या कौसल्याबाईंची लेक ऊर्मिला परदेशात शिकून डॉक्टरेट मिळवत होती. पदवी देण्याचा सोहळा आज संध्याकाळी कॉम्प्युटरवर थेट दिसणार होता. बाई दुपारपासूनच ठेवणीतलं लुगडं नेसून पडद्यासमोर बसल्या होत्या.

"दिसंल न्हवं माजी लेक?"

हेरंबला घाम फुटला. "अक्का, मी सगळं उघडून बघतो. नवी तार टाकतो."

"आज काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"हात मांडीवर ठेव आणि बस."

"निदान तुमचा पाण्याचा हंडा तरी..."

"तोही नाही."

हेरंब हिरमुसला. रोज दिवेलागणीला तांब्याचा हंडा काठोकाठ भरून कोनाड्यापुढच्या कट्ट्यावर ठेवायचा, ही त्याची लाडकी सेवा. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी अक्का सकाळी पीत.

बसला बापडा. हात नुसते शिवशिवत होते.

दिवे लागले... पडद्यावरचं सभागृह अडकेना, गायब होईना, दिसतच राहिलं.

नाव पुकारलं गेलं. काळा झगा घातलेली ऊर्मिला मंचावर आली. कपाळावर टिकली, चेहऱ्यावर न मावणारं हसू.

"ऊर्मे!" कौसल्याबाई ताडकन उठल्या. "डाक्टर झाली गं माजी बाय!"

त्या रडत होत्या, हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या. हेरंबनेही डोळे पुसले. इतका आनंद त्याला नोकरीत कधी झाला नव्हता.

इंटरनेट एकदाही गेलं नाही.

आणि मग त्याची नजर कोनाड्याकडे गेली. कट्टा रिकामा होता. डबा कसा थेट समोर दिसत होता...

हेरंबने कपाळावर हात मारला आणि मोठमोठ्याने हसत सुटला.

"अक्का, मीच हो तो! भरला हंडा रोज डब्याच्या तोंडाशी मीच ठेवत होतो. तांबं आणि त्यात पाणी, लहरी बाहेर येणार कुठून? डबा तपासायला हंडा बाजूला घेतला की इंटरनेट यायचं. मी फुशारकीने परत ठेवला की जायचं!"

कौसल्याबाईंनी दोघांच्या हातावर साखर ठेवली. अक्कांनी ती चवीने खाल्ली.

"पण तुम्हाला कसं कळलं? त्या डब्यातलं तर तुम्हाला काही कळत नाही."

"नाहीच कळत," अक्का म्हणाल्या. "डब्याकडे तू बघत होतास. मी तुझ्याकडे बघत होते."