तव्यावर जायचंय म्हणणारी ज्वारी

एकदा काय झालं, एका राजाचं पेव तोंडापर्यंत भरलं. पेव म्हणजे जमिनीतली धान्याची विहीरच म्हणा ना! लाथा नका झाडू रे, ऐका. नवं पीक दारात आलं आणि जुनी ज्वारी अजून आतच. चांगली टणटणीत, बरं का! पण सरकारी रीत अशी, की नवं आलं की जुनं नदीत.

त्या गावात सगुणाबाई अन्नछत्र चालवायची. त्या दिवशी तिचा हंडा पालथा पडलेला आणि ओसरीवर पोरं भुकेनं कळवळत होती. मग ती पळतच पेवापाशी गेली. "महाराज, ती ज्वारी माझ्या पोरांना द्या!"

"रीत मोडणार नाही," राजा म्हणाला. "मोजणीचं पहिलं माप धर्माचं, तेवढं तुझं. बाकी नदीत."

मग हैबती मापाड्यानं पायली भरली. मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ!" ती पायली सगुणाबाईच्या पदरात. एवढीशी ज्वारी कुणाकुणाला पुरणार? तिला रडूच आलं. "दोन... तीन..." आणि पेवातून आवाज आला, "मला नदीत नको गं बाई, तव्यावर टाक!" अगं बाई, ज्वारी बोलली! हैबती असा दचकला की आकडाच विसरला.

मोजणी चुकली की सगळं परत आत ओतायचं आणि पहिल्यापासून मोजायचं, हीसुद्धा रीतच. "लाभ!" दुसरी पायली पदरात! मग ज्वारी आणखी मोठ्यानं ओरडली, "तव्यावर, तव्यावर!" हैबती पुन्हा विसरला. "लाभ!" तिसरी पायली!

आता मात्र राजा गरजला, "खबरदार कुणी बोलेल तर!" ज्वारी चिडीचूप. मोजणी सुरू झाली, नदीच्या गाड्या भरू लागल्या. पण सगुणाबाईचे हात थांबले नाहीत. तिनं पोरांना तिथंच बोलावून घेतलं, जातं मांडलं, तीन दगडांची चूल पेटवली. भाकरी टम्म फुगली! पोरं तुटून पडली. त्यातली चिमुरडी गेंदी अर्धी भाकरी घेऊन राजाकडे गेली. "घ्या की, सकाळपासून उभे आहात."

राजानं घास घेतला आणि नदीच्या गाड्यांकडे पाहिलं. एवढी गोड ज्वारी आपण माशांना घालत होतो! मग तो मोठ्यांदा म्हणाला, "काय हो हैबतराव, किती झाले?"

हैबतीनं राजाकडे पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं. "विसरलो, महाराज!"

"मग ओता परत! पहिल्यापासून!"

"लाभ!" पायली पदरात. "किती झाले?" "विसरलो!" "लाभ!" पेवाचा तळ दिसेपर्यंत हेच चाललं, आणि ज्वारी खुदुखुदु हसत गाड्यांमधून अन्नछत्रात गेली.

तेव्हापासून त्या पेवावर कुणी 'दोन' म्हटलंच नाही. पोरं जेवली, राजा जेवला, सगळ्यांच्या शेवटी सगुणाबाईही पोटभर जेवली, आणि सगळी सुखात राहिली. तुमचीही पोटं भरलीत ना? मग चला, मिटा बघू डोळे.