कोतवालाच्या मैदानातल्या गाड्या

"तुझी गाडी कोतवालांनी नेली!" वेशीवरच्या पहारेकऱ्याने इतक्या आनंदाने सांगितलं, जणू गाडीचं लग्नच जमलं होतं.

चांगुणा गारांच्या माऱ्यात तशीच उभी राहिली. गाडीत बारा पोती मीठ होतं! वीज कडाडली की बैल उधळतात, म्हणून तिने ते सोडून देवळाच्या ओवरीत बांधले होते. गाडी वेशीच्या कमानीखाली कोरड्यात होती. तेवढ्यात कोतवालाच्या माणसांनी ती ओढून किल्ल्यासमोरच्या उघड्या मैदानात, भर पावसात नेऊन ठेवली.

एरवी चोर पकडायला कोतवाल भानजींची माणसं शोधून सापडत नसत. आभाळ भरून आलं की मात्र कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत!

मैदानात चाळीस गाड्या भिजत होत्या.

"दहा मोहरा दंड," भानजी छत्रीखालून म्हणाले. "महाराजांचा हुकूम आहे. फार जनहिताचा!"

"दहा मोहरांत माझं मीठ, गाडी नि बैल सगळं येईल, कोतवालसाहेब!"

"मग सोडून दे सगळं. तुझ्या जिवाला तेवढाच आराम."

पोत्यांतून खारं पाणी गळू लागलं होतं. चांगुणा तडक दरबारात गेली. मागोमाग भानजीही आले.

राजा रणधवल हट्टाला पक्का. एकदा काढलेला हुकूम तो मागे घेत नसे. "महाराज, तो हुकूम एकदा वाचून दाखवाल का?" चांगुणाने हात जोडले.

चिटणीसाने वाचलं, "सरकारी जागेत जनावर सोडून उभं केलेलं वाहन दिसल्यास, पाहणाऱ्याने ते ओढून न्यावं. दंड नेणाऱ्याने घ्यावा. ऊन, पाऊस, गारपीट, कोणतीही सबब चालणार नाही."

"कुणीही पाहणारा चालतो?"

"ते मीच घालायला लावलं," भानजी लाजून म्हणाले. "माझ्या तिन्ही मेहुण्यांनाही प्रजेची सेवा करता यावी म्हणून!"

"यातला काना-मात्रा बदलणार नाही," राजा गरजला. "दिवस मावळायच्या आत, दंड न भरता, चोरी न करता, हुकूम न मोडता गाडी नेऊन दाखव. नाहीतर बैलही जप्त!"

"हुकूम कशाला मोडू, महाराज? शब्दन् शब्द पाळते."

ती थेट ओवरीत आली. तिथे बाकीचे एकोणचाळीस गाडीवान बैलांशेजारी कुडकुडत बसले होते. "उठा रे दादांनो, बैल घ्या! सरकारची सेवा करायची आहे."

तासाभराने भानजी दरबारात धावत आले. पागोट्यातून पाणी टपकत होतं.

"महाराज, मैदान रिकामं! सगळ्या गाड्या गेल्या! माझा छकडा गेला! आणि... आणि आपला रथसुद्धा!"

"त्या पोरीला पकडून आणा!"

"आलेच की मी, महाराज," चांगुणा दारातूनच म्हणाली.

"चोरी केलीस?"

"छे! मैदान कुणाचं, महाराज?"

"सरकारी."

"तिथल्या एका तरी गाडीला जनावर जुंपलेलं होतं का, कोतवालसाहेब?"

"नव्हतं," भानजी पुटपुटले.

"मला दिसल्या, मी ओढून नेल्या. गरिबांना दंड माफ केला आणि त्यांच्या गाड्या दिल्या. आपला रथ आणि साहेबांचा छकडा माझ्या मावशीच्या अंगणात आहेत. दोन्हींच्या मिळून वीस मोहरा झाल्या."

"अगं, विजेला घोडे बुजतात म्हणून सारथ्याने सोडले होते ते!" राजा म्हणाला.

"बुजणारच बिचारे. पण सबब चालत नाही ना! आपला हुकूम मला कसा मोडवेल, महाराज?"

राजाने भानजींकडे पाहिलं, चांगुणाकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला की मुकुट हाताने सावरावा लागला!

वीस मोहरा भानजींनी भराव्यात, विरघळलेल्या मिठाची भरपाई त्यांच्या मेहुण्यांनी द्यावी, मैदानात गाड्यांसाठी पक्कं छप्पर घालावं आणि त्याचा कारभार चांगुणाने पाहावा, असा नवा हुकूम राजाने तिथल्या तिथे सांगितला.

चिटणीसाने लेखणी उचलली. राजा हसत हसतच म्हणाला, "थांब! मसुदा आधी हिला दाखव!"