भिवरेने फोडलेला बांध

सांभाळून या, बांध निसरडा आहे. खाडीकडच्या अंगाला सगळीकडे दगड रचलेले दिसतात ना, फक्त एवढ्याच जागी नुसती माती. पाहुणे येतात आणि आमच्या आळसाला नावे ठेवतात. ठेवा बापडे. इथे दगड लावायचा नाही, ही आमची रीत आहे.

फार पूर्वी मोठे वादळ झाले, असे सांगतात. समुद्र आत घुसला, खाडी फुगली आणि खारे पाणी बांधावरून भातखाचरांत उतरले. बांध राखणारा लखू तेव्हा उघाडीपाशी होता. उघाडी म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायचे दार. ते सावरताना लाटेने त्याला आत खाचरांत ओढून नेले. वादळ गेले, खाडीला ओहोटी लागली, पण खाचरांतले पाणी हलेना. उघाडी गाळाने बुजली होती. समुद्राला अडवायला घातलेला बांध आता त्यालाच आत कोंडून बसला होता.

बांध फोडला तर पाणी जाणार, आणि पाण्याबरोबर लखूही. म्हणून आधी तो सापडू दे, असे गाव म्हणाले. होड्या फिरल्या, बांबू टोचून पाहिले. तोवर जमिनीत मीठ मुरत होते. पण आता बांध फोडू या, हे लखूच्या बायकोला, भिवरेला, सांगायची छाती कोणाला होईना. ती रडत नव्हती म्हणे. विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतले, खारट लागले तसे थुंकले आणि ओहोटी लागताच बांधावर आली.

"तो गावला तरी उठायचा नाय," ती म्हणाली. "कुदळ द्या. आनि सगल्यांनी पाठ फिरवा."

पहिला घाव तिनेच घातला. माती सुटली तसे सगळे पाठ करून उभे राहिले. पाणी खाडीत जात होते आणि ती एकटी बघत होती. तिला काय दिसले, ते तिने मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. पुढे पावसाने खाचरे धुतली आणि भात आले.

आजही वादळाचे पाणी आत आले की ओहोटीला इथेच बांध फोडतात. ज्या घरचे माणूस गेले, त्या घरच्या बाईने पहिला घाव घालायचा. मागच्या वादळात माझा थोरला भाऊ गेला आणि कुदळ वहिनीच्या हातात होती. मी पाठ करून उभा होतो. तेव्हा मला काहीच वाटले नाही, अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. वहिनी रोज मला जेवायला वाढते. तिला काय दिसले, ते मी विचारलेले नाही.