दशमीचा तुकडा

फलटणला सुमतीबाई नावाच्या एक बाई राहत. गाईला पहिला घास घातल्याशिवाय त्या कधी जेवल्या नाहीत.

एकदा त्या यजमानांबरोबर जंगली प्राणी पाहायला आफ्रिकेत गेल्या. विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात तिथे मोठे मैदान होते, आणि चारी बाजूंनी डोंगराची भिंत. जीपचा चालक सैतोती तोडकीमोडकी हिंदी बोले. गाडीतून उतरायचे नाही आणि प्राण्यांना काही खायला घालायचे नाही, हे त्याने निघतानाच बजावले होते.

सकाळी एका वळणावर कोल्ह्याचे पिल्लू दिसले. गाडीचा आवाज येताच ते गवतात दडले. कानांची टोके तेवढी दिसत राहिली. सैतोतीने गाडी थांबवली आणि तो दुर्बिणीतून दूरचा गेंडा शोधू लागला. सुमतीबाईंनी डबा उघडला. पहिला घास काढायचा होता, पण इथे गाय कुठली?

"इथे तरी पुण्य कमवायचं राहू दे," यजमान हसत म्हणाले.

"अहो, एवढंसं पोर ते. आपण खायचं आणि त्यानं बघायचं?"

सैतोतीचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी दशमीचा तुकडा खिडकीतून टाकला. पिल्लू बराच वेळ हलले नाही. मग पोट जमिनीला टेकवत आले, तुकडा हुंगला आणि गट्ट केला. पुढे सिंह दिसले, गेंडाही दिसला, पण बाई पिल्लाचेच कौतुक सांगत राहिल्या.

परतताना तेच वळण आले. या वेळी आवाज ऐकून पिल्लू दडले नाही. ते धावतच रस्त्यावर आले.

"पाहिलंत? ओळखलं मला," सुमतीबाई म्हणाल्या. दुसरा तुकडा त्यांच्या हातात तयार होता.

सैतोतीने कचकन ब्रेक दाबला. पण समोरूनही एक जीप येत होती. पिल्लू कान टवकारून तिच्याकडे वळले आणि थेट तिच्या चाकाखाली गेले. फारसा आवाजसुद्धा झाला नाही.

गवतातून कोल्हीण आली. पिल्लाला नाकाने ढकलू लागली. पुन्हा पुन्हा ढकलू लागली.

"सवेरे तो ये छुपा था," सैतोती हळूच म्हणाला. "किसने खिलाया?"

सुमतीबाईंनी मूठ उघडली. आत दशमीचा दुसरा तुकडा होता. पिल्लाने त्यांना ओळखलेच नव्हते. त्याने गाडी ओळखली होती.

तात्पर्य: ज्याचे जगणे आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर आपल्या समाधानासाठी दया करू नये, ती त्याच्या जिवावर बेतते.