वाघाला लागलेली हळद

राजेसाहेबांचे मेहुणे रंगराव यांनी वाघ मारला! निदान ते तसं सांगत होते. वाघ म्हणे दरीत कोसळला, त्यामुळे पुरावा उरला तो त्यांचा अंगरखा. छातीवर हातभर लाल डाग, बाकी सगळा चिखल. राजेसाहेबांनी हट्ट धरला की हा अंगरखा भर दरबारात टांगायचा आणि त्याखाली मेहुण्यांना जहागिरी द्यायची. पण चिखलाने बरबटलेलं कापड दरबारात टांगणार कसं?

कोंडाबाई परटिणीला बोलावणं गेलं. हुकूम झाला की उद्या सकाळपर्यंत चिखल पार निघाला पाहिजे आणि रक्त मात्र जसंच्या तसं राहिलं पाहिजे. रक्त गेलं, तर नदीवरचा घाट सोडायचा. त्या घाटावर तिच्या आजेसासूने कपडे आपटले होते. तो गेला तर घरातली चूलच विझली असती. रंगरावांनी मिशीला पीळ देत वर आणखी दम भरला.

कोंडाबाईने मान डोलावली. रक्त गार पाण्यात निघतं आणि कढत पाण्यात पक्कं बसतं, हे परटाघरच्या पोरींना शिकवावं लागत नाही. तिने हंडा चुलीवर चढवला, रिठे टाकले आणि पाणी खदखदल्यावर अंगरखा आत बुडवला. चिखल सुटला. पण त्याच्या मागोमाग लाल डागही सुटला! पाण्यावर तेलाचा तवंग आला. मग तिने अंगरखा वर काढून उजेडात धरला, नीट निरखला आणि ती एकटीच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी दरबारात घडी उलगडली. डागाच्या जागी नुसता पिवळट ठसा होता.

"हिने माझा पराक्रम धुऊन टाकला!" रंगराव ओरडले. राजेसाहेबही तापले आणि त्यांनी घाट काढून घ्यायचं फर्मान लिहायला सांगितलं.

"लिव्हा, सरकार. पर आधी येवढं बघा," कोंडाबाई म्हणाली.

सकाळी दाढी करताना राजेसाहेबांना वस्तरा लागला होता. ते रक्त पुसलेला पंचा आणि कढत रिठ्याच्या पाण्याचं घंगाळ तिने मागवलं आणि पंचा त्यात घोळला. डाग तपकिरी झाला, पण जागचा हलला नाही. मग तिने मुदपाकखान्यातलं तांबड्या रश्श्याने माखलेलं फडकं त्याच पाण्यात घातलं. तेल गेलं, तांबडं गेलं, पिवळं राहिलं. थेट अंगरख्यासारखं.

"त्यलातुपाचा डाग कढत पान्याला पळतो, रगात पळत न्हाई. रावसायबांच्या डागातनं ऱ्हायली ती हळद. आता वाघाच्या अंगाला हळद कशी लागली, सरकार? का त्येचं लगीन निघालं व्हतं, आन् ह्यांनी बिचाऱ्याला ओल्या हळदीच्या अंगानं मारला?"

राजेसाहेब पोट धरून हसले. दरबार हसला. रंगराव तेवढे हसले नाहीत.

डोळे पुसत राजेसाहेबांनी घाट कोंडाबाईला इनाम दिला आणि जहागिरीचा कागद फाडून टाकला. मग विचारलं, "हा पिवळा ठसा जाईल का गं?"

"जाईल की. हळद उन्हापुढं टिकत न्हाई."

"मग मेहुणे, चढवा अंगरखा आणि उभे राहा चौकात. ठसा उडेपर्यंत."

रंगराव पाय ओढत निघाले. कोंडाबाई अदबीने बाजूला सरली.

"छाती फुगवून उभं ऱ्हावा, रावसायेब. ठसा तिथंच हाय."